खूण जुळली होती

मित्रांनो, मी एक जुना सिरिंज पंप आहे. हैदराबादच्या विद्यानगरात लहान मुलांचे एक छोटे हॉस्पिटल आहे. त्याच्या पहिल्या मजल्यावर सामानाची खोली आहे आणि त्या खोलीत, खालून दुसऱ्या फळीवर, मी ठेवलेला आहे. माझ्या अंगावर लाल पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर लिहिले आहे, ‘वापरू नये’. ते योग्यच आहे. माझी गोष्ट ऐकताना तुम्ही विचाराल, यात खोटे कोण बोलले? आधीच सांगून टाकतो. मी बोललो. बोलत होतो तेव्हा ते खोटे आहे हे मला ठाऊक नव्हते, आणि माझ्या गोष्टीतली सर्वांत भयंकर बाब तीच आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिले नसेल. मी जेवणाच्या डब्याएवढा आहे. माझ्या पाठीवर औषधाने भरलेली सिरिंज आडवी ठेवतात. माझा एक दांडा तिचा दट्ट्या इतक्या हळू ढकलतो की बघणाऱ्याला तो हललेला दिसत नाही. वेळेआधी जन्मलेले, दीड किलोचेही नसलेले बाळ असते. त्याला औषध थेंबाथेंबाने द्यावे लागते, कमी नाही आणि जास्त तर नाहीच. माणसाच्या हाताला ते जमत नाही. मला जमायचे.

अकरा वर्षांपूर्वी शहराच्या उत्तरेकडच्या एका कारखान्यात मी तयार झालो. तिथे माझ्या स्मृतीत एक तक्ता भरला गेला. त्यात चौसष्ट औषधांची नावे होती आणि प्रत्येकापुढे एक कमाल मर्यादा. एखाद्या औषधापुढे तासाला तीन मिलिलिटर असे लिहिले असेल आणि कुणी चुकून चार दाबले, तर मी नकार द्यायचो. मोठा आवाज करायचो आणि जागचा हलायचो नाही. औषध ढकलणे हे माझे रोजचे काम होते. पण मला ज्यासाठी ठेवले होते, ते काम म्हणजे नकार देणे.

मात्र तो तक्ताच बिघडला तर? कारखान्यातल्या माणसांनी याचाही विचार केला होता. तक्त्यातल्या सगळ्या आकड्यांवर मी एक ठरावीक गणित करायचो. साधी बेरीज नव्हे, कारण दोन आकड्यांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच येते. या गणितात प्रत्येक आकड्याची जागाही धरली जाते. शेवटी इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिळून आठ अक्षरांची एक खूण निघते. तक्त्यातला एखादा आकडा बदलला तरी खूण ओळखू न येण्याइतकी बदलते. मला चालू केले की ती माझ्या पडद्यावर उमटायची. नव्या पंपांना ती स्वतः ताडून बघता येते म्हणतात. मला येत नव्हते. मी फक्त खूण दाखवायचो. ती खरी की खोटी, हे माणसांनी ठरवायचे.

म्हणून खरी खूण कारखान्याने वेगळ्या पाकिटात, वेगळ्या माणसाच्या हाती पाठवली. हॉस्पिटलची यंत्रे सांभाळणाऱ्या गिरीशसरांनी पाकीट उघडले, खूण एका कागदावर उतरवली, कागद वॉर्डाच्या भिंतीवर चिकटवला आणि पाकीट पुन्हा बंद करून कपाटात ठेवले. तारामती सिस्टरनी विचारले, “एवढं सोवळं कशाला, सर? पंपावर दिसतीच की खूण.”

“अक्का, चोराला विचारून चोराचा पत्ता लिहायचा नसतो,” गिरीशसर म्हणाले. “पंपाबद्दल जे विचारायचं, ते पंपाबाहेरच्या कुणालातरी विचारायचं.”

तारामती सिस्टर वॉर्डाच्या प्रमुख. माहेर बीदरकडचे, शेतकरी. वडील शहरात आले आणि गौलीगुड्यात राहिले. अजूनही त्या तिथूनच बसने यायच्या. सकाळी सात वाजता ड्यूटी बदलताना त्या माझी आणि माझ्यामागून आलेल्या पाच पंपांची खूण जुळवायच्या. आम्हा सहांचा तक्ता एकच, म्हणून खूणही एकच. त्यांचा एक नियम होता. पंपासमोर उभी राहणारी नर्स कागदाकडे पाठ करूनच उभी राहायची. कागद आधी पाहिला की डोळे पडद्यावरही तेच वाचतात, असे त्यांचे म्हणणे होते.

“बोल,” त्या म्हणायच्या.

“सेवन बी,” दीपाली वाचायची.

“सेवन बी. पुढं.”

“फोर झीरो. ई नाइन. वन सी.”

“जुळलं. दोन नंबर घे.”

दीपाली त्यांच्या हाताखालची तरुण नर्स. तिच्या घरात तीन पिढ्या शिक्षक आणि वकील. घरी मराठी बोलत, पण ती इंग्रजी शाळेत शिकली आणि मैत्रिणींमध्ये उर्दू-तेलुगूत वाढली. मराठी वाचायची वेळ आली की तिचे बोट अक्षराखाली सरकायचे. ती हुशार होती, हात हलका होता. तिने लावलेली सुई बाळाला कळायचीही नाही. फक्त या रोजच्या जुळवाजुळवीचा तिला कंटाळा होता.

“अक्का, काल जुळलं, परवा जुळलं. आज कायकू नाही जुळणार? नक्को ना रोज रोज.”

“काल जेवलीस ना? मग आज डबा कशाला आणलास? बोल. तीन नंबर.”

दहा वर्षे असे चालले. दहा वर्षांत मी शेकडो वेळा नकार दिला असेल. थकलेल्या हातांनी दाबलेले चुकीचे आकडे मी अडवले आणि नर्सबाईंनी कपाळावर हात मारून ते दुरुस्त केले. माझी ख्याती झाली. सहांत सर्वांत जुना मी. कधी बिघडलो नाही, कधी दुरुस्तीला गेलो नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शस्त्रपूजेला वॉर्डातली सगळी यंत्रे पुसून मांडत, तेव्हा हळदकुंकवाचे पहिले बोट मला लागायचे. “एक नंबर आपला मोठा भाऊ,” असे दीपालीच म्हणायची. मोठ्याचा मान ठेवणारी माणसे होती ती. मला त्याचा अभिमान वाटायचा. आज वाटत नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तारामती सिस्टर निवृत्त झाल्या. जाण्याआधी त्यांनी एक वही भरून ठेवली. वॉर्ड कसा चालवायचा, काय कुठे असते, काय कधी करायचे, असे सगळे. वही मराठीत होती, कारण इंग्रजीत त्यांना एवढे लांब लिहिता येत नसे. अक्षर जुन्या वळणाचे, एकमेकांत गुंतलेले. वॉर्डाची प्रमुख झालेल्या दीपालीने पहिले पान बोट ठेवून वाचले, दुसरे अर्धे वाचले, आणि वही खणात ठेवली. “अक्काला फोन केला की झालं,” ती म्हणाली. कुणालाही तसेच वाटले असते. वहीच्या सहाव्या पानावर दोन वाक्ये होती. त्या दोन वाक्यांपर्यंत ती पोहोचली नाही.

ऑगस्टमध्ये माझे पाच भाऊ वार्षिक देखभालीसाठी बाहेर पाठवले गेले. वॉर्डात बाळे होती, म्हणून मी मागे राहिलो. पाचही जण चार दिवसांनी परत आले. दुसऱ्या सकाळी पाचांचीही खूण जुळली. सप्टेंबरात गिरीशसर रजेवर गेले. नांदेडला त्यांच्या वडिलांचे ऑपरेशन होते.

आता मी तुम्हाला एका सोमवारच्या वेळा सांगतो. नीट लक्षात ठेवा.

सकाळी सात वाजता खूण जुळली. सहाही पंप खरे होते.

सकाळी साडेदहाला रंगारी आले. बुधवारी तपासणीचे पथक येणार होते, म्हणून भिंती रंगवायच्या होत्या. त्यांनी पत्र्याने भिंत खरवडली. कागद पोपड्यांबरोबर बादलीत गेला.

दुपारी साडेतीनला वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. असे तीनदा झाले. अशा झटक्यांची मला सवय होती. पण मी म्हातारा झालो होतो. माझ्या स्मृतीत आकडे शून्य आणि एक यांच्या ओळीत राहतात. तीन म्हणजे शून्य, एक, एक. सात म्हणजे एक, एक, एक. त्या दुपारी माझ्यातल्या एका शून्याचा एक झाला. बाळाचा रक्तदाब सांभाळणारे एक औषध आहे. त्याच्यापुढे तीन लिहिलेले होते, तिथे सात झाले.

मला दुखले नाही. माझा दिवा लाल झाला नाही. मित्रांनो, आकडा बदलतो तेव्हा आधीचा आकडा मागे राहत नाही. माझ्यासाठी तिथे पहिल्यापासून सातच होते.

संध्याकाळी पाचला दीपाली नवा कागद लिहायला बसली. दुपारी तीन वाजता बसली असती, तर पुढचे काहीच घडले नसते.

तिने आधी गिरीशसरांना फोन लावला. त्यांचा फोन बंद होता. त्या वेळी ते ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसले होते. मग तिने तारामती सिस्टरना लावला. त्या मुलीकडे गेल्या होत्या, फोन चार्जिंगला होता. तपासणी दोन दिवसांवर आलेली, आणि भिंतीवर कागद नाही. मग दीपालीला सुचले, पंपावर तर खूण दिसतेच. पण कोणत्या पंपावरून घ्यायची?

ती माझ्यापाशी आली. तिने मला चालू केले. मी पूर्ण निष्ठेने माझ्या तक्त्यावर गणित केले आणि आठ अक्षरे दाखवली. ए टू, फाइव्ह डी, झीरो एट, एफ थ्री. रोज वाचणाऱ्याला ती वेगळी वाटायला हवी होती. पण तारामती सिस्टर गेल्यापासून पडद्यासमोर दुसऱ्या नर्स उभ्या राहायच्या आणि दीपाली कागदावरून बघायची. वर्षानुवर्षे वाचूनही अक्षरे कुणाला तोंडपाठ नव्हती, सगळ्यांचे कान फक्त ‘जुळलं’ या शब्दाकडे असायचे. तिने अक्षरे मोठ्या, टपोऱ्या अक्षरात लिहिली, कागदावर प्लास्टिक चढवून घेतले आणि तो ओल्या भिंतीवर लावला.

मंगळवारी सकाळी मी जुळलो. माझे पाचही भाऊ जुळले नाहीत.

रजेवरच्या गिरीशसरांच्या जागी एका एजन्सीचा तंत्रज्ञ यायचा, शिवराज. कामाला चोख, बोलायला मोकळा. तो दुपारी आला. दीपालीने त्याला पाच पंप दाखवले.

“पाचही एकच खूण दाखवतात, सर,” ती म्हणाली. “पाच जण मिळून चुकतील कसे?” शंका बरोबर होती. तिथेच थांबली असती तर!

“पाचही एकाच वेळी बाहेर गेले होते का?” शिवराजने विचारले.

“हौ. ऑगस्टमध्ये, देखभालीला.”

“मग झालं की. तिकडं दुसराच तक्ता भरला असंल. एक नंबरला कुणी हात लावला?”

“नाही. तो गेलाच नव्हता.”

“आजवर कधी बिघडला?”

“एक नंबर? कधीच नाही. तो आमचा मोठा भाऊ आहे.”

“मग मोठ्या भावालाच इचारू,” शिवराज हसत म्हणाला.

गेल्या महिनाभर ते पाच पंप रोज याच भिंतीवरच्या जुन्या कागदाशी जुळत होते, हे त्याला माहीत नव्हते. दीपालीला माहीत होते. पण समोर प्लास्टिक चढवलेला नवा कागद होता, आणि तो तिच्याच हातचा होता. त्याच्यावर शंका घ्यायचे तिच्या मनात आले नाही.

शिवराजने माझ्यात एक केबल लावली आणि दुसरे टोक दोन नंबरला. माझा तक्ता त्याच्यात उतरला. मग तीन नंबर, मग चार. वीस मिनिटांत पाचही खऱ्या पंपांमधला तीन हा आकडा पुसला गेला आणि तिथे सात आला. त्यांनी विरोध केला नाही. आम्ही यंत्रे तसे करत नाही.

बुधवारी सकाळी सहाही पंप जुळले. तपासणीचे पथक आले. त्यातल्या एका डॉक्टरांनी तो कागद पाहिला, रोजची जुळणी पाहिली आणि म्हणाले, “असं प्रत्येक वॉर्डात पाहिजे.” त्यांनी त्याचा फोटोही काढला.

त्यानंतर चोवीस दिवस, रोज सकाळी सात वाजता, कुणीतरी म्हणायचे “बोल”, कुणीतरी वाचायचे, आणि सहा वेळा उत्तर यायचे “जुळलं”. माझ्या अकरा वर्षांत हा शब्द इतक्या निश्चिंत आवाजात कधी उच्चारला गेला नव्हता.

पंचविसाव्या दिवशी माझ्या पाठीवर जी सिरिंज होती, ती त्रिवेणीच्या मुलीची होती.

त्रिवेणी दिलसुखनगरची. तिचा नवरा संदेश तिथे मोबाइलच्या दुकानात कामाला होता. त्यांची मुलगी दोन महिने आधी जन्मली होती. वजन एक किलो तीनशे. नाव अजून ठेवले नव्हते, पायातल्या पट्टीवर फक्त आईचे नाव होते. नऊ दिवस त्रिवेणी काचेच्या पेटीशेजारी स्टुलावर बसून होती. पेटीत हात घालायची परवानगी दिवसातून दोनदाच, म्हणून ती मला बघत बसायची. माझ्या सिरिंजवर रेघा असतात, एका मिलिलिटरला एक. तिने स्वतःचे एक घड्याळ बसवले होते. दर दोन तासांनी ती बाळासाठी दूध काढायला जायची. एका खेपेपासून दुसऱ्या खेपेपर्यंत औषध साधारण एक रेघ सरकलेले असायचे.

“व्हय ना ओ मॅडम, बराबर हाय ना?” तिने एकदा वॉर्डाच्या डॉक्टर अपर्णांना विचारले होते.

“अगदी बरोबर. तासाला पॉइंट सहा,” डॉक्टर म्हणाल्या. “तू नर्स हो आता.”

“ती मोठी होऊ द्या, तिला करते,” त्रिवेणी म्हणाली.

त्या दिवशी दुपारी दोनला सिरिंज बदलायची होती. दीपालीने नवी सिरिंज माझ्यावर बसवली. हातात मोजे होते. तिने शून्य दाबले, टिंब दाबले, सहा दाबले. अकरा वर्षांत माझ्या टिंबाच्या बटणाची कड झिजली होती. ते मोज्याखालून दबलेच नाही. माझ्या पडद्यावर सहा आले. बदललेला आकडा दुसऱ्या नर्सने वाचायचा, असा नियम होता. पण दुसरी नर्स दारापाशी ड्यूटी सोपवत होती. दीपालीचे तिकडे अर्धे लक्ष होते. माझ्याकडे तिने लक्ष दिले नाही, कारण चुकीचा आकडा मी घेत नाही, हे सगळ्यांना माहीत होते.

सहा. मी माझ्या तक्त्यात पाहिले. मर्यादा सात. सहा सातपेक्षा कमी. मी चालू झालो.

दोन वाजून दोन मिनिटांनी औषध दहापट वेगाने जाऊ लागले.

सहाव्या मिनिटाला हृदयाच्या ठोक्यांचे यंत्र वाजले. दीपालीने पाहिले, ठोके एकशे ब्याण्णव. ठोके मोजणारी तार बाळाच्या पायाला चिकटपट्टीने लावलेली असते. ती पट्टी सुटली की असेच आकडे येतात, आणि ती दिवसातून चारदा सुटायची. तिने पट्टी पुन्हा चिकटवली आणि आवाज बंद केला.

त्रिवेणी दूध काढून नुकतीच आत आली होती. ती स्टुलावर बसली आणि सवयीने सिरिंजकडे पाहू लागली. थोड्या वेळाने ती उठून उभी राहिली.

“सिस्टर, हे लौकर सरकायलंय.”

“नवी सिरिंज आहे, अम्मा. पहिल्या रेघेच्या पुढे भरली असेल,” दीपाली दुसऱ्या पेटीपाशी होती, तिथूनच म्हणाली.

“नाही ओ. आत्ता बसल्यापासून आर्धी रेघ गेली. मी बघायलेय ना!”

“जास्त गेलं असतं तर पंप ओरडला असता. सकाळीच तपासलाय मी, स्वतः. घाबरू नका, बसा.”

त्रिवेणी बसली नाही. तिने काचेवर हात ठेवला. आत मुलीचे पोट भराभर वरखाली होत होते. “तुमचा पंप वरडंना तर मी वरडते,” ती म्हणाली आणि खरोखरच ओरडली. “मॅडम! अपर्णा मॅडम!”

त्या आवाजाने दीपाली वळली, चार पावलांत माझ्यापाशी आली आणि तिने माझा पडदा वाचला. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिने सिरिंज ओढून काढली. दोन वाजून सोळा मिनिटे झाली होती. ठोके दोनशे चौदा होते, आणि पायाची चिकटपट्टी जागेवर होती.

पुढचे तीन दिवस मी सांगू शकत नाही, कारण मला तिथून काढले गेले होते. मी फक्त भिंतीपलीकडून आवाज ऐकत होतो. चौथ्या दिवशी मुलीने नळीतून दोन मिलिलिटर दूध पचवले. ती वाचली. पण डॉक्टर अपर्णांनी त्रिवेणीला आणि संदेशला खुर्चीवर बसवून सगळे खरे सांगितले. इतक्या लहान बाळाच्या मेंदूला अशा वेळी इजा होऊ शकते. झाली आहे की नाही, ते आज दिसणार नाही. सहा महिन्यांनी तपासू, मग वर्षाने.

त्रिवेणीने एकच प्रश्न विचारला. “मशीन गप का बसली?”

त्याचे उत्तर गिरीशसर नांदेडहून परतल्यावर मिळाले. त्यांनी मला टेबलावर ठेवले, चालू केले आणि माझा पडदा दोनदा वाचला.

“दीपाली, ही कुठली खूण?”

“तीच, सर. रोजचीच. रोज जुळतेय. रजिस्टर बघा, एक दिवस चुकवला नाही मी.”

“कुणाशी जुळतेय?”

“कागदाशी.”

“आणि कागद कुणाशी?”

दीपालीने वळून माझ्याकडे पाहिले. गिरीशसर ओरडले नाहीत. त्यांनी कपाट उघडून अकरा वर्षांपूर्वीचे पाकीट काढले, फाडले आणि आतली खूण वाचली. मग सहाही पंप एकामागून एक चालू केले. एकही जुळला नाही.

त्या संध्याकाळी दीपालीने खणातून तारामती सिस्टरची वही काढली. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत, ती सहाव्या पानावर आली. तिथे लिहिले होते, ‘कागद फाटला तर कपाटातल्या पाकिटातून उतरून घ्यावा. पंपावरून कधीही उतरून घेऊ नये, तो कितीही शहाणा असो.’ ती दोन वाक्ये तिने तीनदा वाचली. मग तिने तारामती सिस्टरना फोन केला आणि फोनवर फक्त रडली.

“रडून घे,” तिकडून आवाज आला. “आन् मग उठ. त्या सगळ्या दिवसांत अजून कितीजण होते तिथं, ते मोज.”

एकोणीस होते. एकोणीस बाळांना त्या दिवसांत आम्हा सहांपैकी कुणी ना कुणी ते औषध दिले होते. त्यांतली एक त्रिवेणीची मुलगी. उरलेल्या अठरांच्या बाबतीत असा चुकीचा आकडा कधी दाबला गेला होता का? गिरीशसरांनी आमची सगळी स्मृती उलटीपालटी करून पाहिली. आम्ही नकार दिला की त्याची नोंद ठेवतो, वेळेसकट. स्वीकारलेल्या आकड्याची नोंद दुसरी सिरिंज लावली की पुसली जाते. तेव्हा उत्तर असे निघाले की उत्तर नाही.

इतर पाच पंपांमध्ये खरा तक्ता पुन्हा भरला गेला. ते आज वॉर्डात आहेत. माझी स्मृती मात्र आता भरवशाची नाही, म्हणून मी या फळीवर आलो. हे ठीक झाले.

मित्रांनो, कुणी माझ्यासारखा जुना असेल, कधी बिघडला नसेल, सगळे त्याला मान देत असतील, तरी त्याच्या खरेपणाची साक्ष त्यालाच मागू नका. खरी खूण त्याच्यापासून लांब, दुसऱ्या कपाटात, दुसऱ्या माणसाच्या हाती ठेवा. तिच्याशी रोज ताडून बघा आणि बघताना कंटाळू नका. खूण जुळली नाही, तर ती पुसून नवी लिहिण्याआधी एकदा थांबा आणि विचारा, चुकले कोण? बिघडलेल्याला आपण बिघडलो हे कळत नाही. मला कळले नाही. ही विनंती मी स्वतःसाठी करत नाही. माझे काम संपले आहे.

दीपाली या सामानाच्या खोलीत रोज दुपारी चार वाजता येते, कारण इथे शांतता असते. तिच्याकडे अठरा नावांची यादी आहे. कुणाशी ती तेलुगूत बोलते, कुणाशी उर्दूत, कुणाशी मराठीत. “हॉस्पिटलमधून बोलतेय. बाळ कसं आहे? दूध पितं का? नजर फिरवतं का?” मग काय झाले ते सांगते, काहीही न लपवता, आणि तपासणीला बोलावते. काहींनी तिला शिव्या दिल्या. तिने ऐकून घेतल्या. सतरा घरांशी बोलणे झाले आहे. सतरा बाळे बरी आहेत, निदान आजपर्यंत.

अकराव्या ओळीवर एक नाव आहे, प्रियदर्शिनीचे बाळ. त्या घरी फोन लागतो, पण कुणी उचलत नाही. पत्त्यावरच्या खोलीला कुलूप आहे. शेजारी म्हणतात, दसऱ्यानंतर बाळ घेऊन गावाकडे गेले, कुठल्या गावाला ते माहीत नाही. दीपालीने बावीस दिवस फोन लावला आहे.

आता चार वाजले आहेत. ती आली, दार लोटले, माझ्या फळीला टेकून उभी राहिली. तिने नंबर दाबला, एकेक आकडा मोठ्याने म्हणत, मग पडद्यावरचा नंबर यादीतल्या नंबराशी पुन्हा एकदा ताडून पाहिला. बरोबर आहे. पलीकडे घंटी वाजते आहे.